लेखनस्फूर्ती

लेखनस्फूर्ती : लिहिणाऱ्याला एखादी कल्पना, प्रतिमा किंवा ओळ अवचित सुचण्याची अवस्था. ती ओसरल्यावर पुन्हा जागी करण्यासाठी लेखक जे जे करतात, त्याचाही विचार या विषयात येतो. ‘स्फूर्ती’ हा शब्द ‘स्फुर्’ या संस्कृत धातूपासून आला आहे. थरथरणे, लकाकणे हे त्याचे अर्थ. मराठीतले रोजचे क्रियापद मात्र ‘सुचणे’. ‘मी लिहितो’ म्हणता येते, ‘मी सुचतो’ म्हणता येत नाही. ‘मला सुचते’ असेच म्हणावे लागते. म्हणजे सुचण्याचा कर्ता लेखक नव्हे. मग त्याने नुसती वाट पाहायची का?

संस्कृत काव्यशास्त्राने या प्रश्नाचा फार नेमका विचार केला. भट्ट तौत यांनी प्रतिभेला ‘नवनवोन्मेषशालिनी प्रज्ञा’ म्हटले, नव्या नव्या रूपांत उमलत राहणारी बुद्धी. अकराव्या शतकात मम्मटाने काव्यनिर्मितीमागे शक्ती, निपुणता आणि अभ्यास असे तीन घटक सांगितले, आणि लगेच बजावले की हे तीन वेगळे हेतू, म्हणजे कारणे, नव्हेत, तिन्ही मिळून एकच हेतू आहे. शक्ती जन्मजात, ती मागून मिळत नाही. पण निपुणता येते ती लोकव्यवहार, शास्त्रे आणि आधीचे काव्य यांच्या निरीक्षणातून, आणि अभ्यास तर सर्वस्वी आपल्या हातात. आटलेली स्फूर्ती परत आणायची तर प्रयत्न या दोन ठिकाणीच करता येतो. हजार वर्षांनंतरही या विषयावर याहून उपयोगी असे फार थोडे सांगितले गेले आहे.

१९२६ मध्ये इंग्रज विचारवंत ग्रॅहम वॉलस यांनी सर्जनाचे चार टप्पे मांडले : तयारी, मुरणे, उजळणे आणि पडताळणी. त्यांतला दुसरा टप्पा बाहेरून आळसासारखा दिसतो. विषय मनात घोळत असतो, कागदावर काहीच उतरत नाही. हा काळ किती लांबावा याला माप नाही. जर्मन भाषेत लिहिणारे कवी रिल्के यांनी १९१२ मध्ये दुइनोच्या किल्ल्यात सुरू केलेली शोकगीते पुरी व्हायला १९२२ चा फेब्रुवारी उजाडला. मात्र त्याच महिन्यात त्यांच्या हातून ५५ सुनीतेही लिहून झाली. मधली दहा वर्षे वाया गेली असे म्हणणे अन्यायाचे होईल.

न सुचण्याच्या अवस्थेला ‘रायटर्स ब्लॉक’ हे नाव १९४० च्या दशकात मनोविश्लेषक एडमंड बर्गलर यांच्यामुळे मिळाले. प्रत्येक खोळंबा मनाच्या खोल गाठीतून येतो असे मात्र नाही. पुष्कळदा लेखकाची शिदोरीच संपलेली असते : वाचन थांबलेले, माणसांचे बोलणे कान देऊन ऐकणे थांबलेले. कधी पहिल्याच खर्ड्याकडून निर्दोषपणाची अपेक्षा असते आणि ओळ उमटण्याआधीच खोडली जाते. पहिल्यावर उपाय भरणी, दुसऱ्यावर वाईट लिहिण्याची मुभा. चालण्याचा उपयोग तर प्रयोगांतही दिसला आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधनात बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना नव्या कल्पना अधिक सुचल्या.

टिपणवही हे भरणीचे सर्वांत साधे साधन. ‘पाऊस थांबल्यावर पन्हळीतून पडणारे थेंब, मधले अंतर वाढत जाते’ एवढीच नोंद कुठल्याशा पानावर पडून असते. टिपताना तिचे काय करायचे हे ठाऊक नसते. वर्षभराने एका कथेत कुणाची तरी वाट पाहणारी बाई अंधारात जागी असते, आणि ती काय ऐकते आहे हे लेखकाला त्या पानावर सापडते.

रोज ठरवून लिहायला बसणे हेही असेच एक साधन. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहीत. अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे यांची रीत वेगळी होती : पुढे काय होणार हे ठाऊक असतानाच ते त्या दिवसाचे लिहिणे थांबवत. ही रीत पाळणारे काही लेखक तर वाक्यही अर्धेच सोडतात. सकाळी वही उघडली की कर्ता आणि कर्म हजर असतात, क्रियापद तेवढे लिहायचे उरलेले असते.