बजीच्या मडक्यात कापूस कोंबू नका, ती लव्हबर्ड नाहीये

जळगाव, भुसावळ, धुळे, कुठल्याही पक्ष्यांच्या दुकानात जा, बजीच्या (बजरीगर, तो छोटा रंगीत पोपट) पिंजऱ्याकडे बोट दाखवून माणूस विचारणार "लव्हबर्डची जोडी कशी दिली भो?" आणि दुकानदार निमूट भाव सांगणार. चुकीचं नाव सुधारायला गेलं तर गिऱ्हाईक जातं, त्यामुळे त्याचंही बरोबरच म्हणा. नुसत्या बोलण्यापुरतं असतं तर मीपण गप्प बसलो असतो, वनस्पती तुपाला आख्खा गाव डालडा म्हणतो तसं. पण पुढे होतं काय, की माणूस घरी येतो, मोबाईलवर "लव्हबर्ड ब्रीडिंग" टाकतो, समोर येतात खऱ्या लव्हबर्डचे व्हिडिओ आणि त्यातलं सगळं तो बिचाऱ्या बजीवर करून बघतो. मग आठवड्याला एक फोटो ठरलेला, अंडी घालायला टांगलेल्या मडक्यात गवत, कापूस, सुतळी, आणि खाली "मादी अंड्यावर बसत नाही, काय करू".

दिसण्यातला फरक दोन ओळीत. बजी सडपातळ, लांब शेपटीची, पाठीवर लाटांसारख्या काळ्या रेघा, चोच एवढीशी आणि पिसांत दडलेली, मूळची ऑस्ट्रेलियाची. लव्हबर्ड गुटगुटीत, आखूड शेपटीचा, चोच मोठी आणि वाकडी, मूळचा आफ्रिकेचा, आणि ओरडतो असा की दुपारची झोप विसरा. बजी तुमच्याकडे आहेच, तिला राळं, बाजरी, समुद्रफेस हे काही मी नव्याने सांगत नाही.

खरी गडबड आहे ती घरट्याची. लव्हबर्ड घरटं बांधतो, बजी बांधत नाही. एवढंच आहे, पण डोक्यात शिरत नाही लोकांच्या.

लव्हबर्डच्या मादीला पेपर द्या आणि बघत बसा. कडेने चोचीने टिक टिक टिक भोकं पाडत जाते, पावती फाडायला भोकं असतात ना तशी, मग लांब पट्टी ओढून काढते. पीचफेस ही लव्हबर्डची जात असेल तर ती पट्टी चक्क कमरेवरच्या पिसांत खोचते, अशा चार-पाच पट्ट्या खोचून मागे झाडू बांधल्यासारखी उडत बॉक्समध्ये जाते. फिशर जातीची मादी मात्र चोचीत धरून नेते. डिल्गर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६०च्या सुमारास या दोघांचे संकर करून बघितले, तर ती पोरं पट्टी पिसांत खोचायला जायची आणि ती काही टिकायची नाही, चोचीतूनच न्यायची हे कळायला त्यांना वर्षं लागली. म्हणजे सवय इतकी रक्तात आहे. अशा पक्ष्याला सामान दिलंच पाहिजे, आपल्याकडे केळीची वाळलेली पानं फुकट मिळतात, रावेर-यावलकडे तर ढिगाने, ती द्या.

बजीचं उलटं. रानात ती झाडाच्या ढोलीत अंडी घालते, खाली असतो फक्त कुजक्या लाकडाचा भुगा. मादी आत जाते, कुरतडते, कचरा बाहेर फेकते, जागा साफ करते, झालं तिचं घर. तुम्ही जे काही आत भराल तो तिच्या लेखी कचरा.

हे मी शिकलो ते स्वतः माती खाऊन. घरात वेचणीचा कापूस पडलेला, पहिल्या जोडीला मडकं टांगलं तर आई म्हणाली "थंडीचे दिवस आहेत, थोडा मऊ कापूस टाक रे". टाकला. सकाळी सगळा कापूस खाली. मी परत भरला. परत खाली. माझा हट्ट असा की चौथ्या दिवशीपण भरला, आणि पाचव्या दिवशी कापसासोबत दोन अंडी जमिनीवर फुटलेली. दुसरी मादी जरा गरीब होती, ती तशीच बसली, तर पिल्लाच्या बोटाला धागा गुंडाळला गेला, बोट काळं पडून गळून गेलं. तेव्हापासून मडक्यात काडीपण नाही.

एक सूट आहे. मडक्याचा तळ गोल असतो म्हणून अंडी मधोमध राहतात, प्लायचा सपाट बॉक्स असेल तर अंडी पांगतात आणि पिल्लांचे पाय घसरून बेडकासारखे फाकतात. तिथे मधे खोलगट केलेली फळी बसवा, वर सुताराकडचा कोरडा रंध्याचा भुसा बोटभर. तिने फेकला तर फेकू द्या, पिल्लं निघाल्यावर परत टाका. माझं मत विचाराल तर मडकंच बरं, पण पोळा झाला की टांगायचं आणि होळीला उतरवायचं, दोन वेत झाले की आधीच उतरवायचं. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीत अंड्यावर बसवणं म्हणजे मादीचा जीव घेणं आहे.

दुसरं म्हणजे कॉलनी. बजी गोतावळ्यात खुलते, एकटी जोडी कित्येकदा महिनोन्महिने नुसती बसून राहते आणि आजूबाजूला चार जोड्या ओरडायला लागल्या की कामाला लागते. पण मोठ्या पिंजऱ्यात जास्तीची मादी ठेवायची नाही, नर एखादा जास्त चालेल. बिनजोडीची मादी दुसरीच्या मडक्यात घुसते आणि पिल्लं मारते. मडकी जोड्यांच्या दुप्पट, आणि सगळी एकाच उंचीवर, नाहीतर सगळ्यात वरच्या मडक्यासाठी माद्या एकमेकींना रक्तबंबाळ करतात. लव्हबर्ड मात्र जोडी-जोडी वेगळी ठेवलेली बरी, आणि "दोन्ही लव्हबर्डच" म्हणून बजीसोबत तर अजिबात नको, बजीची बोटं तोडतात.

कायद्यातही फरक पडतो. बजी आणि पीचफेस साईटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत नाहीत, फिशर वगैरे बाकीचे लव्हबर्ड आहेत आणि वन्यजीव कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीनंतर त्यांची नोंदणी लागते, म्हणजे दुकानात नुसतं "लव्हबर्ड" म्हणून घेऊ नका, जात विचारा.

नर-मादीचं तर बजीवाल्यांना तोंडपाठ असतं, मोठ्या नराचं चोचीवरचं नाक निळं, ब्रीडिंगला आलेल्या मादीचं तपकिरी, लुटिनो-अल्बिनो (पिवळ्या आणि पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या) नराचं गुलाबी-जांभळट राहतं तेवढं लक्षात ठेवायचं. लव्हबर्डला हे लावायला गेलात की फसलात, पीचफेस, फिशरमध्ये नर-मादी दिसायला सारखेच, खात्री हवी तर डीएनए टेस्ट. दोन माद्यापण एकमेकींना चारतात, एकत्र घरटं बांधतात, दोघी अंडी घालतात. बजी साधारण १८ दिवसांत पिल्लू काढते, लव्हबर्ड २२-२३ घेतो, म्हणून अठराव्या दिवशी घाबरून अंडी फेकू नका, पण एका बॉक्समध्ये आठ-दहा अंडी दिसली तर पेढे आणायच्या आधी मोबाईलचा टॉर्च लावून बघा, सगळी पोकळ असतील तर बहुतेक दोन्ही बायाच आहेत.