पहिल्या घराचा हिशेब, पायी केलेला

घराच्या कर्जासाठी बँकेत गेलं की पगाराच्या स्लिपा बघतात, जुने हप्ते विचारतात, क्रेडिट स्कोअर काढतात. दूध आणायला किती लांब जावं लागेल, हे कोणी विचारत नाही. खरं तर तो प्रश्नही पैशांचाच आहे.

साडेआठ टक्के व्याजानं 20 वर्षांसाठी कर्ज घेतलं तर दर लाखामागे महिन्याला साधारण 868 रुपये हप्ता बसतो. आता शहराबाहेरचा, चौरस फुटाला कमी दर असलेला फ्लॅट धरा. कामाला रोज जाऊन-येऊन 40 किलोमीटर, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 1,000 किलोमीटर. लिटरला 15 किलोमीटर देणारी कार असेल आणि पेट्रोल 104 रुपये धरलं, तर सात हजारांच्या आसपास नुसतं इंधन. सहा लाखांचं गाडीचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचं म्हटलं की त्याचे 9,800. विमा, सर्व्हिसिंग, टायर धरले की महिन्याला 18,000 कुठेच गेले नाहीत. या 18,000 ला 868 नं भागा. उत्तर येतं वीस लाखांच्या वर. म्हणजे ज्या घराला कार लागत नाही, ते वीस लाखांनी महाग असलं तरी महिन्याच्या खर्चात बरोबरीत येतं.

स्कूटरवर भागत असेल तर हा आकडा बराच खाली येतो. लिटरला 45 किलोमीटर धरले तर त्याच अंतराला पेट्रोलचे 2,300 रुपये, म्हणजे अडीच-पावणेतीन लाखांचं कर्ज. पण तेवढेही कमी नाहीत. आणि ‘गाडीचं कर्ज सात वर्षांत फिटतं, घराचं वीस वर्षं चालतं’ असं कोणी म्हणालंच, तर सात वर्षांनी गाडीचं काय होतं तेही त्याला विचारावं.

शिकागोतल्या ‘सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी’ या संस्थेनं हाच विचार मापात बसवला. घरावर उत्पन्नाच्या 30 टक्क्यांपर्यंत खर्च म्हणजे ‘परवडणारं घर’ ही तिथली जुनी व्याख्या. संस्थेचं म्हणणं असं की घर आणि प्रवास एकत्र मोजा आणि दोन्ही मिळून 45 टक्क्यांच्या आत ठेवा. या मापानं पाहिलं की नुसत्या घरखर्चावर स्वस्त ठरलेली अनेक उपनगरं महाग निघतात. आपल्याकडचे आकडे वेगळे असतील, बेरीज करायची पद्धत मात्र तीच राहते.

तर मग चालण्याजोगं गाव कसं ओळखायचं? इथे विज्ञान बऱ्यापैकी कामाला येतं. उदाहरणाला मी सातारा घेतो. 2011 च्या जनगणनेत सुमारे 1 लाख 20 हजार वस्तीचं हे शहर, जिल्ह्याचं ठिकाण. कॉलेजं, सिव्हिल हॉस्पिटल, कोर्ट, मंडई, एसटी स्टँड सगळं गावात. पुण्या-मुंबईच्या दरांनी घाम फुटलेली मंडळी हल्ली अशा गावांकडे वळून बघतात.

पहिली गोष्ट गावाच्या आकाराची. इटलीचे भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी 1994 साली मांडलं की माणूस कुठल्याही काळातला असो, दिवसाला साधारण एक तास प्रवासाला देतो. (कल्पना मूळची याकोव्ह झहावी या वाहतूक-अभ्यासकाची.) वाहन बदललं की तास तेवढाच राहतो, अंतर वाढतं. पायी चालणाऱ्याचा वेग ताशी पाच किलोमीटर. अर्धा तास जायला, अर्धा यायला. म्हणजे त्याचं गाव मध्यापासून अडीच किलोमीटरपर्यंत पसरू शकतं, त्यापुढे नाही. मोटारीच्या आधीची बहुतेक शहरं या मापात राहिली ती त्यामुळेच. थोरल्या शाहू महाराजांनी अठराव्या शतकात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसवलेला सातारा त्यातलाच. राजवाड्यापासून पोवई नाका साधारण दोन किलोमीटर. जुनं गाव अजूनही एका माणसाच्या पायांच्या टप्प्यात आहे.

पण टप्पा नकाशावर फूटपट्टी ठेवून मोजायचा नसतो. माणूस पक्षी नव्हे, तो रस्त्यानं जातो. रस्ते काटकोनात एकमेकांना छेदत असतील, तर दिशा कुठलीही असली तरी सरासरी फेरा सरळ अंतराच्या 1.27 पट पडतो. जास्तीत जास्त 1.41 पट. हे शुद्ध भूमितीचं गणित. गल्लीबोळांचं जुनं गाव वेडंवाकडं दिसतं, पण बोळ आरपार असल्यानं फेरा फार वाढत नाही. याउलट बायपासकडेच्या नव्या स्कीम बघा. गॅलरीतून मुलांची शाळा दिसते, घंटासुद्धा ऐकू येते. मध्ये सोसायटीची भिंत, पलीकडे रिकामा प्लॉट, त्याला तारेचं कुंपण, मग ओढा. गेटमधून बाहेर पडून वळसा घालून शाळेत पोचेपर्यंत तीनशे मीटरचे हजार होतात. मग मुलाला सोडायला रोज गाडी निघते.

रीड ईविंग आणि रॉबर्ट सर्व्हेरो या अमेरिकी नियोजन-अभ्यासकांनी 2010 मध्ये अशा अनेक अभ्यासांची निरीक्षणं एकत्र केली. लोक किती चालतात याचा सर्वांत ठळक संबंध कशाशी निघाला? चौकांच्या दाटीशी. एका चौरस किलोमीटरात चौक 10 टक्क्यांनी वाढले की चालणं सुमारे चार टक्क्यांनी जास्त दिसतं. दुकान किती जवळ आहे यालाही बऱ्यापैकी वजन. लोकसंख्येची नुसती घनता मात्र जवळजवळ निष्प्रभ. बारा मजली टॉवर उभे केले म्हणून माणसं चालायला लागत नाहीत, हे त्यातून निघतं. या अभ्यासांवर एक आक्षेप आहे आणि तो रास्त आहे: ज्यांना चालायला आवडतं तेच तशा वस्तीत घर घेतात, मग श्रेय रस्त्यांना द्यायचं की माणसांना? घर घेणाऱ्याला मात्र हा वाद बाजूला ठेवता येतो. तुम्हाला चालायचंच असेल तर रस्ते तुमच्या बाजूचे हवेत, एवढं पुरे.

आता चढ. साताऱ्यात हा विषय टाळून चालत नाही. गाव डोंगराच्या उतारावर आहे आणि जुन्या आखणीनं ते नीट ओळखलेलं दिसतं. राजपथ आणि कर्मवीर पथ, म्हणजे सातारकरांचा वरचा रस्ता आणि खालचा रस्ता, हे दोन्ही लांब रस्ते उताराला आडवे धावतात. त्यावर चालताना दम लागत नाही. दम लागतो तो या दोघांना जोडणाऱ्या गल्ल्यांत, किंवा समर्थ मंदिराकडे निघालात की.

वॉल्डो टोबलर या भूगोलतज्ज्ञानं 1993 मध्ये चढ आणि चालण्याचा वेग यांचं एक सूत्र दिलं. सपाटीवर ताशी 5.04 किलोमीटर. दहा टक्के चढावर, म्हणजे दहा मीटरला एक मीटर वर, वेग उतरतो 3.55 वर. गंमत म्हणजे दहा टक्के उतारावर वेग सपाटीइतकाच येतो, कारण त्याच्या सूत्रात सर्वाधिक वेग पाच टक्क्यांच्या हलक्या उतारावर आहे. त्याहून तीव्र उतारावर माणूस स्वतःला आवरत चालतो. आठशे मीटरवरची मंडई सपाटीवर साडेनऊ मिनिटांची, तर चढावर साडेतेरा मिनिटांची.

चार मिनिटांचं काय एवढं, असं वाटेल. पण वेळ हा त्यातला लहान भाग. व्यायामशास्त्रात चालण्याला लागणाऱ्या प्राणवायूचं एक रूढ समीकरण आहे. मिनिटाला साठ मीटर अशा रमतगमत चालीला सपाटीवर शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला साडेनऊ मिलिलिटर प्राणवायू वापरतं. त्याच चालीनं दहा टक्के चढ चढताना वीस मिलिलिटरच्या वर. दुप्पट! तिशीतल्या जोडप्याला हे जाणवणार नाही. घर मात्र वीस वर्षांच्या हप्त्यांवर घेतलेलं असतं. तोवर आईचे गुडघे बोलायला लागतात, आणि भाजीची पिशवी घेऊन परतायचं ते नेमकं चढाच्या दिशेनं. म्हणून डोंगराच्या कुशीतल्या गावात घर बघताना बाजाराच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, हे आधी विचारावं. वरच्या अंगाचा ‘व्ह्यू’ एजंट दाखवतोच. भरलेली पिशवी घेऊन चढून बघणं आपल्यावर असतं. मोबाइलवरच्या ‘गूगल अर्थ’मध्ये दोन ठिकाणांची समुद्रसपाटीपासूनची उंची मिळते. फरकाला अंतरानं भागा, शंभरानं गुणा, झाला चढ टक्क्यांत. पाचच्या आत असेल तर काळजी नाही.

जवळ दुकान का असतं आणि का नसतं, यामागेही साधा हिशेब आहे. पाच मिनिटांत माणूस चारशे मीटर जातो. चारशे मीटर त्रिज्येच्या वर्तुळात पन्नास हेक्टर जागा येते. हेक्टरी शंभर माणसं राहत असतील तर पाच हजार गिऱ्हाइकं, हेक्टरी पंधरा असतील तर साडेसातशे. साडेसातशे माणसांत किराणावाला कसाबसा तग धरेल. पिठाची गिरणी, औषधाचं दुकान, इस्त्रीवाला, दवाखाना हे सगळे नाही. जर्मन भूगोलतज्ज्ञ वाल्टर क्रिस्टालर यानं 1933 मध्ये हीच कल्पना सिद्धान्त म्हणून मांडली: प्रत्येक धंद्याला तगायला किमान गिऱ्हाईक लागतं. घनतेचा उपयोग खरा इथे. ती माणसाला थेट चालवत नाही, पण गिरणी जवळ आणते. बंगल्यांच्या विरळ कॉलनीत शांतता मिळते, दळण मात्र गाडीवरून न्यावं लागतं. नव्या लेआउटमध्ये घर बघायला गेलात तर गिरणी कुठे आहे एवढंच विचारा. गिरणी चालू असेल तर बाकीचं बहुतेक आसपास असतंच.

फुटपाथबद्दल फार अपेक्षा ठेवू नयेत. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शक तत्त्वांत चालायला मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर हवी आणि उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, असं आहे. दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जातील एवढी ती रुंदी. आपल्या गावांत गुडघाभर उंच फुटपाथ, त्यावर डीपी, त्यापुढे निखळलेलं गटाराचं झाकण, आणि उरलेल्या जागेत लावलेल्या मोटारसायकली. म्हणून लोक रस्त्यावरून चालतात. गल्लीत ते चालून जातं, कारण तिथे गाड्या हळू असतात. मोठ्या रस्त्याला नाही. ताशी 30 वरून वेग 50 झाला की गाडीची गतिज ऊर्जा 2.8 पट होते, कारण ती वेगाच्या वर्गानं वाढते. देशात 2022 मध्ये रस्ते अपघातांत 32 हजारांहून जास्त पादचारी गेले. त्यामुळे माझ्या लेखी घर आणि बाजार यांच्यामध्ये महामार्ग नसणं हे चकचकीत फुटपाथपेक्षा मोलाचं. साताऱ्याच्या पूर्वेला पुणे-बंगळुरू महामार्ग आहे. त्याच्या पलीकडे दर कमी असेल तर तो का कमी आहे, हे संध्याकाळी सात वाजता तो ओलांडायला उभं राहिलं की कळतं.

रहदारीचा आणखी एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड या नगररचनाकारानं सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन सारख्याच रस्त्यांचा अभ्यास केला. दिवसाला 2,000 गाड्यांच्या रस्त्यावर माणशी सरासरी तीन मित्र त्याच रस्त्यावर राहणारे होते. 16,000 गाड्यांच्या रस्त्यावर एकही पुरा नाही, 0.9. नव्या गावात जाऊन ओळखी जोडायच्या असतील त्यानं हा आकडा ध्यानात ठेवावा.

सावलीचं थोडक्यात सांगतो. झाडाखाली हवेचं तापमान फारसं उतरत नाही, पण अंगावर पडणारं ऊन अडतं, आणि एप्रिलच्या दुपारी शरीराला त्रास मुख्यतः त्याचाच होतो. घर बघायला सगळे दिवाळीनंतर जातात, छान हवा असताना. मे महिन्यात दुपारी दोनला एक चक्कर मारावी.

सपाट, दाट, सगळं हाताशी, म्हणजे गाव उत्तम असंही नाही. सांगलीची जुनी पेठ चालायला सरस. गणपती मंदिर, हरभट रोड, मारुती चौक, चढाचं नाव नाही. पण सपाट का, तर ते कृष्णेचं पूरमैदान आहे. 1929 मध्ये बांधलेल्या आयर्विन पुलाजवळ नदीची धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. नद्यांनी गाळ पसरून केलेली सपाट जमीन वसायला, चालायला सोयीची आणि पुरालाही. म्हणून कराड-सांगली-कोल्हापूरकडे घर घेताना चालण्याचा हिशेब करण्याआधी पूररेषा बघायची. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता. वीस वर्षांच्या कर्जाच्या काळात ती 18 टक्के होते. निळ्या रेषेची शक्यता त्याच काळात 56 टक्के. पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट कोरडा राहिला तरी दूध-भाजी बंदच असते.

नोकरीचं काय, हा प्रश्न बरेच जण शेवटी विचारतात, तो खरं तर सुरुवातीचा आहे. साताऱ्याहून पुणे 110 किलोमीटरच्या आसपास. रोज जायचं म्हटलं तर मार्केटींचा तास चार-पाच तासांवर जातो आणि वर काढलेला सगळा हिशेब उलटा फिरतो. आठवड्यातून एकदा जावं लागत असेल, किंवा काम गावातच असेल, तरच हे गाव स्वस्त आहे.

एक जागा मात्र अशी आहे जिथे चालणाऱ्या गिऱ्हाइकाला भाव करता येतो. पेठेत जुना वाडा पाडून झालेल्या इमारतीत बऱ्याचदा पार्किंग अपुरं असतं, आणि तेवढ्यावरून लोक घर नाकारतात. कारची जागा अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या खोलीचं किमान माप साडेनऊ आहे. गाडीला आपण खोलीपेक्षा मोठी खोली देतो आणि तिचेही पैसे मोजतो. तुमच्याकडे कार नसेल आणि घ्यायचीही नसेल, तर ‘पार्किंग नाही हो’ हे वाक्य विकणाऱ्याकडून नीट ऐकून घ्या आणि तिथून भाव पाडायला लागा. फक्त उद्या विकायची वेळ आली की समोरचाही तेच वाक्य तुम्हाला ऐकवेल. तेव्हा पाडलेला भाव कागदोपत्री कुठेतरी लिहून ठेवा आणि पुढच्या किमतीत तेवढी घट आत्ताच धरून चाला.