कासवाच्या टाकीतील मासे आणि जलगुणवत्ता

कासवाच्या टाकीतील मासे आणि जलगुणवत्ता : पाळीव जलवासी कासवाच्या टाकीत मासे सोडण्यापूर्वी व सोडल्यानंतर पाण्यातील अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, विरघळलेला ऑक्सिजन, पीएच मूल्य (पाणी किती अम्लीय वा अल्कधर्मी ते दर्शविणारा अंक) आणि क्षारता (पाण्याची अम्ल शमविण्याची क्षमता) ही माशांना सोसतील अशा मर्यादेत राखण्याची पद्धत. कासव फुप्फुसांनी हवेतील ऑक्सिजन घेते, मासा मात्र कल्ल्यांच्या पातळ त्वचेतून पाण्याशी अखंड देवघेव करतो. त्यामुळे ज्या पाण्यात कासव वर्षानुवर्षे वरकरणी धडधाकट दिसते, त्याच पाण्यात मासा दोन दिवसांत दगावू शकतो. म्हणून टाकीतील पाण्याची पारख कासवावरून न करता माशावरून करावी लागते. मासे टाकी स्वच्छ ठेवतात हा समजही तपासून घेण्याजोगा आहे. मासे कासवाचे उरलेले खाद्य खातात हे खरे. परंतु त्यातील नायट्रोजन नाहीसा होत नाही, तो बहुतांशी अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे पुन्हा पाण्यात येतो.

नायट्रोजनाचा मुख्य भार कासवाचा असतो. प्रथिनांत वजनाने सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो आणि वाढत्या वयाच्या कासवाचा आहार प्रथिनप्रधान असतो. जलवासी कासवे हा नायट्रोजन अमोनिया व यूरिया या दोन्ही रूपांत उत्सर्जित करतात. कोरड्या प्रदेशांतील भूचर कासवांत यूरिक अम्लाचे प्रमाण अधिक आढळते. पाण्यातील यूरियाचे विघटन सूक्ष्मजीवांच्या यूरिएझ या एंझाइमामुळे होऊन त्यापासूनही शेवटी अमोनियाच तयार होतो. मऊ पाठीच्या कासवांचे उदाहरण येथे उद्‌बोधक आहे. ही कासवे घशाच्या अस्तरातून व त्वचेतून पाण्यातील ऑक्सिजन काही प्रमाणात घेतात आणि पेलोडिस्कस सायनेन्सिस ही जाती यूरियाचा मोठा भाग तोंडावाटे बाहेर टाकते, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. ‘कासवाला पाणी कसेही चालते’ हे विधान म्हणूनच सरसकट करता येत नाही.

टाकीतील सजीव एकमेकांचे टाकाऊ पदार्थ वापरून पाणी शुद्ध राखतात, ही कल्पना साधारणपणे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांच्या नावाने सांगितली जाते. १८५० च्या सुमारास त्यांनी सोनमासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती व गोगलगायी एकत्र ठेवून असे संतुलन साधल्याचे प्रतिपादन केले. त्यांचा भर वनस्पतींनी दिलेल्या ऑक्सिजनवर होता. नायट्रोजनाचे रूपांतर करणारे सूक्ष्मजीव तेव्हा ज्ञात नव्हते. नायट्रीकरण, म्हणजे अमोनियाचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर, ही जैव प्रक्रिया असल्याचे फ्रेंच शास्त्रज्ञ श्लोझिंग व म्युंत्झ यांनी १८७७ मध्ये दाखविले. वाळूतून झिरपणाऱ्या सांडपाण्यातील नायट्रेटनिर्मिती क्लोरोफॉर्मच्या वाफेने थांबते, हा त्यांचा पुरावा होता. ही प्रक्रिया दोन टप्प्यांत घडते, हे उलगडण्यात पहिल्या वॉरिंग्टन यांचे त्याच नावाचे पुत्र अग्रभागी होते. पित्याच्या टाकीतला न दिसलेला दुवा पुत्राच्या संशोधनात सापडावा, हा योग नोंदविण्याजोगा आहे. पुढे १८९० च्या सुमारास सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ व्हिनोग्राड्स्की यांनी हे सूक्ष्मजीव वेगळे केले आणि अमोनियाचे नायट्राइट नायट्रोसोमोनास करते, तर नायट्राइटचे नायट्रेट नायट्रोबॅक्टर करते, अशी मांडणी रूढ झाली.

मत्स्यपालनाच्या पुस्तकांत हीच जोडी आजही आढळते. तथापि १९९६ व १९९८ मध्ये संशोधक हॉव्हानेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या रेणवीय तपासणीत गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांत नायट्रोबॅक्टर आढळले नाही. दुसऱ्या टप्प्याचे काम नायट्रोस्पिरा या गटाकडे असल्याचे दिसले. अमोनियाच्या टप्प्याबाबतचे चित्रही बदलले. अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणारा पहिला आर्किया (जीवाणूंसारखा दिसणारा, पण वेगळ्या गटातील एकपेशीय सूक्ष्मजीव) २००५ मध्ये सिअ‍ॅटल येथील सार्वजनिक मत्स्यालयाच्या टाकीतून वेगळा करण्यात आला आणि २०११ मधील एका पाहणीत गोड्या पाण्याच्या अनेक फिल्टरांत असे आर्किया जीवाणूंहून अधिक संख्येने सापडले. २०१५ मध्ये अमोनियापासून नायट्रेटपर्यंतची संपूर्ण प्रक्रिया एकट्याने करणारे नायट्रोस्पिरा आढळले; त्यांपैकी काही मत्स्यपालनाच्या पुनर्चक्रण व्यवस्थेतील गाळणीतले होते. या मतांपैकी एकालाच सर्वत्र लागू करणे धाडसाचे ठरेल. आर्कियांना अमोनियाची अल्प पातळी अधिक मानवते, हे पाहता कासवाच्या भारी नायट्रोजनाच्या टाकीत जीवाणूंचा वाटा तुलनेने मोठा असावा, हे अनुमान सयुक्तिक वाटते. बाटलीतील तयार जीवाणूंची उपयुक्तता उत्पादनागणिक वेगळी असण्याचे एक कारणही या वादात दडलेले आहे.

पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो : मुक्त अमोनिया आणि अमोनियम आयन. कल्ल्यांतून सहज आत शिरणारा मुक्त अमोनिया माशांना घातक असतो. २५° से. तापमानात पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे ०.६ टक्के, पीएच ८ असताना सुमारे ५ टक्के आणि पीएच ९ असताना सुमारे ३६ टक्के भाग मुक्त असतो. टेस्ट किट मात्र बहुधा दोन्हींची बेरीज दाखविते. सॅलिसिलेट पद्धतीत नळीतील पिवळे पाणी अमोनियाच्या प्रमाणात हिरवे होत जाते. तो हिरवा रंग किती चिंतेचा, हे पीएच व तापमान पाहिल्याखेरीज सांगता येत नाही.

जुन्या टाकीत हा फरक प्रकर्षाने जाणवतो. नायट्रीकरणात अम्ल तयार होते. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनामागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने सुमारे ७.१ ग्रॅम क्षारता खर्ची पडते. पाणी वेळेवर न बदलल्यास क्षारता संपते, पीएच उतरतो, नायट्रीकरण मंदावते आणि अमोनिया साचतो. पण तो अमोनियम रूपात असल्याने कोणाला त्रास होताना दिसत नाही. अशा टाकीत पीएच ६.४ व एकूण अमोनिया लिटरला ३ मिग्रॅ. आहे असे समजू; मुक्त अमोनिया तेव्हा केवळ ०.००४ मिग्रॅ.च्या आसपास असतो. मासे आणायचे म्हणून मालकाने अर्धे पाणी एकदम बदलले आणि पीएच ७.८ वर गेला, तर एकूण अमोनिया निम्मा होऊनही मुक्त अमोनिया ०.०५ मिग्रॅ.वर, म्हणजे सुमारे बारापट, पोचतो. एवढे प्रमाण दीर्घकाळ राहिल्यास अनेक जातींना अपायकारक असते. पाणी स्वच्छ केल्यावरच मासे मेले, ही तक्रार अशा वेळी खरी असते; दोष पाणी बदलण्याचा नसून ते एकदम बदलण्याचा असतो. जुन्या टाकीचे पाणी थोडे थोडे, काही दिवसांच्या अंतराने बदलून पीएच व क्षारता आधी स्थिर करणे श्रेयस्कर ठरते.

नायट्राइट रक्तातील हीमोग्लोबिनचे ऑक्सिजन वाहू न शकणाऱ्या मेथहीमोग्लोबिनमध्ये रूपांतर करते, त्यामुळे कल्ले तपकिरी दिसतात व माशाचा जीव ऑक्सिजनवाचून गुदमरतो. क्लोराइड आयनांमुळे नायट्राइटचा कल्ल्यांतील प्रवेश रोखला जातो. नायट्रेट तुलनेने सौम्य असून पाणी बदलून व वनस्पती लावून ते कमी ठेवतात. मात्र काही किट नायट्रेट आयन मोजतात व काही नायट्रेट-नायट्रोजन, आणि या दोन आकड्यांत सुमारे ४.४ पटींचा फरक पडतो.

ऑक्सिजनकडे कासव पाळणाऱ्यांचे लक्ष सहसा जात नाही, कारण कासवाला तो वर येऊन मिळतो. संपृक्त गोड्या पाण्यात २०° से. ला लिटरमागे सुमारे ९.१ मिग्रॅ., तर ३०° से. ला सुमारे ७.५ मिग्रॅ. ऑक्सिजन मावतो. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनाच्या नायट्रीकरणाला सुमारे ४.६ ग्रॅम ऑक्सिजन लागत असल्याने फिल्टरमधील सूक्ष्मजीव हे माशांचे प्रतिस्पर्धीच असतात. कासवासाठी पाण्याची पातळी कमी ठेवली असेल, तर फिल्टरचे पाणी वरून पडू देणे किंवा एअर पंप लावणे आवश्यक ठरते.

कासवाच्या टाकीसाठी तिच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा फिल्टर वापरण्याचा प्रघात आहे. नव्या फिल्टरमध्ये सूक्ष्मजीवांची पुरेशी वाढ होण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. त्यांची संख्या उपलब्ध अमोनियाइतकीच राहते, म्हणून मासे थोडे थोडे सोडतात. अमोनिया व नायट्राइट सलग काही दिवस शून्य दिसल्यावरच पुढचे मासे आणणे योग्य. स्पंज नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने निष्प्रभ होते. क्लोरामाइन (क्लोरीन व अमोनिया यांचे संयुग) असलेल्या पाण्यात मात्र या क्रियेतून अमोनिया मोकळा होत असल्याने त्याला बांधून ठेवणारे द्रव्यही लागते. नवे मासे २ ते ४ आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावेत. लांबच्या प्रवासातून आलेले मासे उघड्या पिशवीत तासन्‌तास ठेवणे घातक असते : बंद पिशवीत साठलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, पिशवी उघडताच तो चढू लागतो आणि साचलेला अमोनिया मुक्त रूपात येतो.

माशांच्या निवडीत चपळ, लहान व पाण्यातील बदल सोसणाऱ्या जाती पसंत केल्या जातात. सोनमाशांचा उत्सर्जित भार मोठा असतो, शिवाय त्यांच्या शरीरात थायामिनेझ हे एंझाइम असल्याने ते कासवाच्या नेहमीच्या खाण्यात आल्यास ब१ जीवनसत्त्वाची कमतरता उद्‌भवते. प्लेको या मार्जारमाशासारखे काटेरी पंखांचे मासे कासवाच्या घशात अडकू शकतात. कासवाला वेगळ्या भांड्यात खाऊ घातल्यास टाकीवरील भार बराच हलका होतो. रोज मासे मोजणे हाही जलगुणवत्तेचाच भाग आहे. मोजणीत एखादा कमी भरला, तर तो कासवाने खाल्ला असे गृहीत न धरता फिल्टरच्या तोंडाशी व दगडांमागे शोधावा, कारण अर्धवट खाल्लेला मासा कुजून एका रात्रीत अमोनिया वाढवितो.