वाळूचा माग (ट्रेसर पद्धत)

किनाऱ्यावरची वाळू एका जागी बसत नाही हे पुळणीजवळ राहणाऱ्या कुणालाही माहीत असतं. लाट तिरकी येते, कणाला तिरका वर नेते, पाणी परतताना तो जवळपास सरळ खाली येतो आणि असं नागमोडी करत किनाऱ्याकडेनं सरकत राहतो. पण किती आणि कुठल्या बाजूला हे नुसतं बघून कळत नाही कारण सगळे कण सारखेच, म्हणून थोड्या वाळूला खूण करून सोडायची आणि नंतर शोधत बसायचं, हीच ट्रेसर पद्धत.

सगळ्यात जास्त चालतो तो फ्लुरोसंट, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट उजेडात चमकणारा रंग. वाळू त्याच किनाऱ्याची घ्यायची, धुवून सुकवून पातळ थर द्यायचा, थर जाड झाला की कणाचं वजन बदलतं आणि मग आपण वाळूचा नाही तर रंगाच्या गोळ्यांचा प्रवास मोजतो. सोडायच्या आधी साबणाच्या पाण्यात भिजवतात, नाहीतर कोरडे कण तरंगतच निघून जातात! मग ठरलेल्या जागांवरून नमुने आणून अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली कण मोजायचे, हे काम महाकंटाळवाणं. वरवरची वाळू खरवडून भागत नाही, नळी खुपसून खालचीही काढावी लागते, कारण हलणाऱ्या थराची जाडी कळल्याशिवाय हिशेबच होत नाही. खुणेच्या कणांच्या घोळक्याचा मध्य किती सरकला त्यावरून वेग, त्याला थराची रुंदी आणि जाडी यांनी गुणलं की वाहून गेलेली वाळू मिळते. कोमार आणि इनमन या संशोधकांनी कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोच्या किनाऱ्यांवर हेच केलं आणि 1970 मध्ये लाटांची ऊर्जा आणि वाळूची वाहतूक यांचं नातं मांडलं, त्यातला 0.77 हा गुणांक किनारा अभियांत्रिकीत आजही भेटतो.

खोल पाण्यात रंग फारसा सोयीचा नाही, तिथं किरणोत्सारी ट्रेसर. मुंबई बंदरात 1959 मध्येच गाळाचा माग स्कँडियम-46 (स्कँडियम या मूलद्रव्याचं किरणोत्सारी रूप) वापरून काढला होता. स्कँडियम मिसळलेली काच गाळाच्या कणांएवढी बारीक दळतात, अणुभट्टीत किरणोत्सारी करतात, तळाशी सोडतात आणि बोटीमागून डिटेक्टर ओढत फिरतात. अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ, साधारण 84 दिवस, म्हणजे काही महिने माग काढता येतो, सोनं-198 चं मात्र 2.7 दिवसच.

कधी निसर्गच खूण करून ठेवतो, रत्नागिरीच्या मांडवीची काळी वाळू इल्मेनाइट या जड खनिजामुळे काळी दिसते, असे जड कण कुठवर पसरलेत त्यावरून दिशेचा अंदाज येतो, वेगाचा नाही. गोट्यांच्या किनाऱ्यावर दगडात आरएफआयडी चिप (रेडिओ लहरींवर आपला क्रमांक सांगणारी) बसवून एकेक दगड ओळखता येतो, वाळूच्या कणात ती मावणार कुठं.