पार्श्वभूमी : एनएफ-१ आणि मेंदूतले ते पांढरे ठिपके

अंगावरच्या कॉफीरंगी चट्ट्यांना मराठवाड्यातल्या खेड्यांत अजूनही 'गिऱ्हाण लागलं' म्हणतात आणि खापर आईच्या माथी फुटतं. खरं तर असे चट्टे एनएफ-१चं, म्हणजे न्यूरोफायब्रोमॅटोसिस या जनुकीय आजाराचं लक्षण असू शकतात, आणि त्याच्या निम्म्या रुग्णांत जनुकातला बदल नव्यानेच झालेला असतो, आई-बापांकडून आलेला नसतो. आजाराचं सविस्तर वर्णन १८८२चं, जनुक सापडलं १९९०मध्ये. आताचा, मेंदूतल्या ठिपक्यांचा घोळ मात्र एमआरआय आल्यानंतरचा.

सीटी स्कॅनवर सहसा न दिसणारे ठिपके एमआरआयच्या टी-टू (पाणी उजळ दाखवणाऱ्या) चित्रांत चमकू लागले : बेसल गँग्लिया (मेंदूतली खोलवरची केंद्रं), लहान मेंदू, ब्रेनस्टेम (मेंदूचा देठ). आजूबाजूला दाब नाही, कॉन्ट्रास्टचं औषध शिरेतून दिलं तरी उजळत नाहीत. हे काय, ते कळेना, म्हणून नाव पडलं 'अनआयडेंटिफाइड ब्राइट ऑब्जेक्ट्स', थोडक्यात यूबीओ. उडत्या तबकड्यांच्या 'यूएफओ'वरून केलेली थट्टाच ती. काहींनी 'हॅमार्टोमा' लिहायला सुरुवात केली. हा शब्द जास्त घातक, कारण त्यात पेशींची गाठ गृहीत धरलेली आहे. नव्वदच्या दशकात मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत त्या जागी गाठ नव्हती. मज्जातंतूंवरच्या मायलिन या आवरणाच्या थरांत पाण्याच्या पोकळ्या होत्या. मग 'फोकल एरियाज ऑफ सिग्नल इंटेन्सिटी' हे नाव आलं. त्याचं लघुरूप 'फासी'. आपल्या कानाला ते फाशीच ऐकू येतं, म्हणून मी आपला ठिपकेच म्हणतो.

१९८७मध्ये निदानाचे निकष ठरले, त्यांत ठिपके नव्हते. एमआरआय तेव्हा नवा होता, समजू शकतो. पण २०२१च्या सुधारणेत जनुकचाचणी आणि डोळ्याच्या कोरॉइडमधले (पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरातले) बदल आत आले, ठिपके पुन्हा बाहेरच. सगळ्यांत दिसत नाहीत, वयाबरोबर विरतात, हे आक्षेप खरेच. नुसत्या चट्ट्यांसाठी लहान लेकराला गुंगी देऊन मशीनमध्ये घालू नये, हेही पटतं. तरीही जनुकचाचणीचं रक्त बाहेरगावी पाठवून पैशांची जुळवाजुळव करणाऱ्या घरासाठी, आधीच काढलेल्या फिल्मला निदानात काहीच वजन नसावं, हे मला जरा कडक वाटतं.

एका सेंटरच्या रिपोर्टमध्ये अशा ठिपक्यांपुढे 'ट्यूमर?' एवढंच लिहिलेलं होतं. त्या प्रश्नचिन्हावर बाप मुलाला घेऊन नांदेडहून हैदराबादला जाऊन आला. चार वर्षांनी त्याने जुनी-नवी फिल्म खिडकीच्या काचेवर शेजारी-शेजारी धरली. लहान मेंदूतले दोन ठिपके पुसट झाले होते. दृष्टीच्या नसेवरची गाठ हा या मुलांतला खरा धोका, आणि डोळ्यांची तपासणी त्या चार वर्षांत एकदाही झालेली नव्हती.