फिल्टर घेण्याआधी लेन्सवरचा आकडा बघा

"कॅननसाठी फिल्टर आहे का?" असं बरेच जण विचारतात. फिल्टर, म्हणजे लेन्सच्या पुढे फिरवून बसवायची काच, कॅमेऱ्याची कंपनी बघून नाही, लेन्सच्या मापावर घ्यायचा असतो. लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा कॅपच्या आत तिरकी रेघ मारलेल्या शून्याशेजारी ४९, ५८, ६७, ७७ असा मिलिमीटरमधला आकडा असतो, तो सांगा. '५० एमएम' ही फोकल लेंथ, म्हणजे लेन्स दृश्य किती जवळ आणून दाखवते ते, तिचा इथे संबंध नाही. कॅननच्या ५० एमएम एफ १.८ एसटीएमला ४९ चा फिल्टर लागतो, तर निकॉनच्या ५० एमएम एफ १.८ जी ला ५८ चा.

लेन्स दोन-तीन असतील तर प्रत्येकीला वेगळा पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) घेऊ नका, उगाच खर्च. सगळ्यात मोठ्या मापाचा एकच चांगला घ्या आणि बाकीच्यांना स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) लावा. '५८-७७' म्हणजे लेन्स ५८ ची, फिल्टर ७७ चा. मग हूड (लेन्सवर पडणारं ऊन अडवणारं झाकण) बहुधा बसत नाही आणि कॅपही ७७ चीच लागते, एवढी गैरसोय आहे. उलट, मोठ्या लेन्सवर लहान फिल्टर चढवणारी स्टेप-डाउन रिंग वाइड (रुंद दृश्य टिपणाऱ्या) लेन्सवर फोटोचे कोपरे काळे करते. ती आम्ही सहसा सुचवत नाही.

यूव्ही (अतिनील किरण अडवणाऱ्या) फिल्टरने डिजिटल फोटो सुधारत नाही. लेन्सच्या काचेला ओरखडा पडू नये म्हणून लावायचा, बस्स. स्वस्तातला असेल तर रात्रीच्या फोटोत दिव्यांचे हिरवट ठिपके उमटतात, तेव्हा काढून ठेवा.

पावसाळ्यात धबधब्याचं पाणी दुधासारखं हवं असेल तर एनडी, म्हणजे प्रकाश कमी करणारा गडद फिल्टर; त्याने शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं. १/६० सेकंदाचं एक्सपोजर एनडी ८ लावल्यावर १/८ होतं, एनडी ६४ लावल्यावर साधारण १ सेकंद. ट्रायपॉड हवाच. ओल्या पानांवरची चमक मात्र एनडीने जात नाही, त्याला पोलरायझरच लागतो. व्हेरिएबल एनडी (फिरवून गडदपणा कमी-जास्त करता येणारा) व्हिडिओला सोयीचा, पण वाइडवर पूर्ण फिरवला की फोटोत फुलीसारखा काळा पट्टा येतो.

एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या बॉडीवर बसवणारा अडॅप्टर वेगळा. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर जुन्या डीएसएलआर (आरसा असलेल्या) कॅमेऱ्यांच्या लेन्स अडॅप्टरने सहसा चालतात. निकॉनच्या डीएसएलआरवर कॅननची लेन्स साध्या रिंगने बसवली, तर दूरचं फोकस होतच नाही. ऑटोफोकस चालेल का, हे जोडीजोडीवर ठरतं. बॉडी आणि लेन्स दोन्ही घेऊन या, लावून बघू.

फिल्टर अडकला तर चिमटीत घट्ट दाबू नका, रिंग लंबगोल होऊन आणखी आवळते. कडेला रबरबँड गुंडाळून हलक्या हाताने फिरवा. पक्कड अजिबात नको.