मॉनिटरची जागा : दिवाणजींच्या बैठ्या पेटीपासून लॅपटॉपपर्यंत

मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा तिच्या किंचित खाली ठेवावी, पडदा साधारण पुढे लांबवलेला हात पोचेल इतक्या अंतरावर असावा आणि खिडकी समोर किंवा पाठीमागे न येता बाजूला यावी, या तीन गोष्टी मानदुखीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला सांगली-मिरजेतले फिजिओथेरपिस्ट हल्ली हमखास सांगतात. नियम चांगले आहेत आणि ते पाळल्याने पुष्कळांना आराम पडतो. मात्र ते एकाच वेळी, एकाच यंत्रासाठी तयार झालेले नाहीत. प्रत्येकामागे वेगळे यंत्र, वेगळे टेबल आणि वेगळी तक्रार आहे. यंत्र बदलले की नियमाचा अर्थही बदलतो, आणि ते ध्यानात न घेता नियम जसाच्या तसा लावला तर मानेचे दुखणे थांबते आणि डोळ्यांचे सुरू होते. म्हणून हे नियम कोठून आले ते तपशिलाने पाहणे आवश्यक वाटते.

बैठ्या लेखनकामाचे दुखणे संगणकापेक्षा कितीतरी जुने आहे. इटलीतील वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी कामकऱ्यांच्या आजारांवरील आपला ग्रंथ १७०० मध्ये प्रसिद्ध केला आणि १७१३ च्या आवृत्तीत त्याला लेखनिकांविषयीचे प्रकरण जोडले. सतत बसून राहणे, हाताची तीच ती हालचाल आणि लिहिण्यात चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण, ही तीन कारणे त्यांनी नोंदवली. आजच्या कचेरीसाठी त्यांतले एकही वगळावे लागत नाही.

सांगलीच्या हळदीच्या आणि गुळाच्या पेठेत दिवाणजी पिढ्यान्‌पिढ्या गादीवर मांडी घालून, पुढ्यात उतरत्या झाकणाची बुटकी पेटी घेऊन कीर्द-खतावणी लिहीत. उतरत्या झाकणामुळे वही डोळ्यांकडे कलत असे, पाठीशी तक्क्या असे, आणि सौदे सुरू झाले की उठून जावेच लागे. मान त्या बैठकीतही वाकत होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वही पुढे ओढता येई, तिरकी करता येई, अक्षर दिसेनासे झाले तर उचलून उजेडाकडे धरता येई. मजकूर डोळ्यांपाशी आणण्याची ही मोकळीक पडद्याने काढून घेतली. मजकूर एका जागी थांबला आणि डोळ्यांना, पर्यायाने मानेला आणि पाठीला, त्याच्याकडे जावे लागले.

मधला टप्पा टंकलेखन यंत्राचा. गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये देशी टंकलेखन यंत्र बाजारात आणले आणि पुढच्या काही दशकांत तालुक्याच्या गावांतूनही टायपिंगचे वर्ग निघाले. या वर्गांत बैठकीची शिस्त आजच्या संगणक वर्गांपेक्षा पुष्कळ काटेकोर होती, असे माझे स्पष्ट मत आहे. पाठ सरळ, कोपरे अंगालगत, पाय जमिनीला टेकलेले आणि नजर बोटांवर नव्हे तर बाजूच्या मजकुरावर, हे पहिल्याच आठवड्यात अंगवळणी पाडले जाई. टंकलेखनाचे टेबलही लिहिण्याच्या टेबलापेक्षा दोन-तीन इंच बुटके असे, कारण यंत्राची स्वतःची उंची त्यात मिळवावी लागे. कळफलक खाली आणि उमटणारी ओळ त्याच्या वर, नजरेच्या थोडी खाली, अशी ही रचना होती.

पडद्याची पहिली यंत्रे या रचनेतूनच निघाली, मात्र आरंभी त्यांत एक मोठा दोष राहिला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या १९७५ मधील व्हीटी-५२ या टर्मिनलमध्ये, म्हणजे मोठ्या संगणकाला जोडायच्या यंत्रात, पडदा आणि कळफलक एकाच पेटीत बसवलेले होते. हात सोयीचे ठेवायचे तर पडदा डोळ्यांच्या फार जवळ येई, आणि पडदा लांब सरकवायचा तर हात लांबवावे लागत. त्याच कंपनीने १९७८ मध्ये आणलेल्या व्हीटी-१०० ला कळफलक तारेने जोडलेला आणि सुटा होता. पश्चिम जर्मनीत १९८० च्या सुमारास पडद्यावरील कामासाठी सुरक्षेचे नियम तयार झाले, त्यांत सुट्या कळफलकाचा आग्रह होता. पुढे कळफलकाची मधली ओळ टेबलापासून ३० मिलिमीटरांहून उंच नसावी, असेही जर्मन मानकाने ठरवले. मॉनिटरच्या जागेच्या इतिहासात ही सर्वांत महत्त्वाची घटना मी मानतो, कारण डोळ्यांची गरज आणि हातांची गरज वेगवेगळी आहे हे यंत्रानेच प्रथम मान्य केले.

त्या काळातली जाहीर चर्चा मात्र भलत्याच दिशेला गेली होती. पडद्यातून बाहेर पडणाऱ्या किरणांनी मोतीबिंदू होतो, गर्भपात होतो, अशी भीती अमेरिका, कॅनडा आणि स्वीडन येथील कर्मचाऱ्यांत पसरली. भीती खोटी म्हणून झटकून न टाकता तिची तपासणी झाली, हे योग्यच झाले; टेलिफोन ऑपरेटर महिलांवरील मोठा अमेरिकी अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पडद्यावरील कामामुळे गर्भपाताचा धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. खरी तक्रार होती ती मान, खांदे, मनगट आणि डोळे यांची. काम आणि शरीर यांच्या संबंधाचे झुरिचचे अभ्यासक एतिएन ग्रँजाँ यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कर्मचाऱ्यांना टेबल, खुर्ची आणि पडदा आपल्या सोयीने लावू दिला, तेव्हा बहुतेक जण पुस्तकी ९० अंशांत ताठ न बसता मागे रेललेले आढळले. पाठ मागे रेलली की नजरेची रेषाही बदलते. म्हणून पडद्याची उंची खुर्चीपासून तोडून ठरवता येत नाही, आणि खुर्ची न पाहता केवळ मॉनिटर उचलून देणारा सल्ला अर्धाच ठरतो.

युरोपीय समुदायाने २९ मे १९९० रोजी पडद्यावरील कामाविषयीचा निर्देश काढला. पडदा सहज वळवता आणि कलवता यावा, त्यावर चकाकी नसावी आणि कळफलक सुटा असावा, हे त्यामुळे मालकाचे कायदेशीर कर्तव्य झाले. ब्रिटनचे नियम १९९२ चे. पडद्यावरील कामाविषयीच्या आयएसओ ९२४१ या आंतरराष्ट्रीय मानकाचे पहिले भागही १९९२ मध्येच आले.

आपल्याकडे याच सुमारास संगणक कचेऱ्यांत शिरत होता, पण बैठकीचे हे सगळे ज्ञान त्याच्यासोबत आले नाही. बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी डॉ. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला आणि त्यानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशीन, म्हणजे खातेवहीच्या नोंदी करणारी यंत्रे, दिसू लागली. यंत्राची बडदास्त मोठी होती. त्याच्यासाठी वातानुकूलित खोली, दाराबाहेर चपला काढण्याची शिस्त, काम संपताच घालायचे कापडी आवरण. त्याच्यासमोर बसणाऱ्या लिपिकाची खुर्ची मात्र जुनीच, लाकडी, उंची न बदलणारी. चकाकीवर उपाय म्हणून पडद्याला अडकवायची काळसर काच मिळे. तिच्यावर धूळ बसली की अक्षरे आणखी फिकी पडत आणि लिपिक पुढे झुकून वाचू लागे. काचेऐवजी टेबल खिडकीला काटकोनात फिरवले असते तर ते काम फुकटात झाले असते.

पडद्याची उंची त्या काळात शरीराने नव्हे, तर संगणकाच्या पेटीने, म्हणजे कॅबिनेटने, ठरवली. आडवी कॅबिनेट टेबलावर आणि तिच्यावर मॉनिटर, अशी मांडणी होती तोवर पडदा आपोआप वर राहिला. उभ्या कॅबिनेट आल्या, त्या टेबलाखाली गेल्या आणि मॉनिटर टेबलाच्या पृष्ठावर उतरला. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना २००१ मध्ये झाली आणि एमएस-सीआयटीच्या अभ्यासक्रमाने सातारा-सांगलीच्या गावोगावी संगणक केंद्रे उभी राहिली. या केंद्रांतून आणि पाठोपाठ घराघरांतून जे 'कॉम्प्युटर टेबल' पसरले, त्याला खाली ओढायचा कीबोर्डचा कप्पा आणि वरच्या फळीवर मॉनिटर होता. कप्प्यामुळे हात योग्य उंचीला आले, हा त्याचा गुण. पण तो पुढे ओढला की बसणारा मागे जाई, मांड्या कप्प्याखाली अडकत, आणि माउसला त्यात जागा नसल्याने उजवा हात दिवसभर वरच्या फळीवर ताणलेला राही.

आता उंचीच्या नियमाकडे येऊ, कारण गैरसमज इथेच सर्वाधिक आहेत. वरची कड डोळ्यांच्या रेषेत, हा सल्ला मानेचा विचार करून रूढ झाला. डोके साधारण साडेचार-पाच किलोंचे असते, ते पुढे झुकले की मानेच्या मागच्या स्नायूंना ते धरून ठेवावे लागते, म्हणून पडदा वर उचलावा, असा तो युक्तिवाद. डोळ्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी त्याला दुसरी बाजू दाखवली. जपानी नेत्रतज्ज्ञ त्सुबोता आणि नाकामोरी यांनी १९९३ मध्ये मोजले, तेव्हा निवांत बसलेल्या माणसाच्या पापण्या मिनिटाला सरासरी २२ वेळा, पुस्तक वाचताना १० वेळा आणि पडद्यासमोर ७ वेळा लवत होत्या. त्यातच पुस्तक वाचताना नजर खाली असल्याने डोळा निम्मा झाकलेला असतो. समोरच्या पडद्याकडे पाहताना तो पूर्ण उघडा राहतो आणि अश्रूंचा थर लवकर सुकतो. फाल्गुन-चैत्रातल्या कोरड्या हवेत, डोक्यावर पंखा गरगरत असताना सांगलीतल्या कचेरीत डोळे का चुरचुरतात, याचे उत्तर बहुतांशी यात आहे. शिवाय जवळचे पाहण्यासाठी दोन्ही डोळे आत वळवावे लागतात आणि नजर खाली असताना ते कमी श्रमात होते.

या दोन्ही बाजूंचा मेळ घालून, पडद्याचा मध्य डोळ्यांच्या आडव्या रेषेपासून १५ ते २० अंश खाली असावा, अशी शिफारस पुढे आली. तिच्याशी 'वरची कड डोळ्यांच्या रेषेत' हा नियम ताडून पाहिला की यंत्र बदलल्याचा परिणाम उघड दिसतो. जुन्या १४ इंची मॉनिटरवर दिसणाऱ्या भागाची उंची सुमारे २० सेंटिमीटर होती; ६० सेंटिमीटर अंतरावरून त्याचा मध्य जेमतेम १० अंश खाली येई, म्हणजे नियम पाळूनही पडदा डोळ्यांसाठी वरच होता. आजच्या २४ इंची रुंद पडद्याची उंची सुमारे ३० सेंटिमीटर, त्याचा मध्य १४ अंशांवर येतो आणि नियम जवळजवळ बरोबर बसतो. ३२ इंची पडद्यात मध्य १८ अंशांवर चांगला येतो, पण तळाची ओळ ३४ अंश खाली जाते आणि मान वाकवल्यावाचून ती वाचता येत नाही. अशा पडद्याला उंची बदलण्याऐवजी अंतर वाढवावे लागते.

अंतराचीही अशीच गोष्ट आहे. डोळे पूर्ण विसावलेले असताना त्यांचा केंद्रबिंदू अनंतावर न राहता सरासरी पाऊण मीटरच्या आसपास येतो, हे १९७० च्या दशकातील प्रयोगांनी दाखवले. त्याहून जवळ पाहणे म्हणजे सतत श्रम. अक्षर लहान दिसते म्हणून पडदा जवळ ओढण्यापेक्षा अक्षर मोठे करावे, या सल्ल्याचा आधार हाच. जाड पाठीचे जुने मॉनिटर दीड-पावणेदोन फूट खोल होते आणि दोन फुटी टेबलावर ते मागे ढकलणे शक्यच नव्हते. सपाट पडदे आल्यावर जागा मोकळी झाली, तरी सवयीने तो जवळच राहिला.

सपाट पडद्याने आणखी एक सोय आणली. बहुतेक पडद्यांच्या पाठीवर ७५ किंवा १०० मिलिमीटर चौरसात चार स्क्रूंची भोके असतात, ते पडद्यांची मानके ठरवणाऱ्या व्हेसा संस्थेचे मानक आहे आणि त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे असे पडदे त्याच मापाच्या हलत्या दांड्यावर बसतात. पण पडदा वर-खाली करता आला तरी टेबल-खुर्चीचे माप उरतेच. बाजारातले अडीच फुटी टेबल आपल्याकडच्या अनेकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, बसलेल्या कोपराहून उंच पडते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने भारतीय शरीरमापांचे पुस्तक १९९७ मध्ये प्रसिद्ध केले आहे. फर्निचर करणाऱ्यांनी ते पाहिले तर बराच फरक पडेल. तोवर क्रम असा ठेवावा लागतो: आधी खुर्ची कोपराच्या हिशेबाने उंच करायची, लोंबकळणाऱ्या पायांखाली पाट सरकवायचा आणि मग पडद्याची उंची ठरवायची.

लॅपटॉपने १९७८ पूर्वीची अडचण परत आणली. पडदा आणि कळफलक पुन्हा एका बिजागरीत अडकले. १५ इंची लॅपटॉप टेबलावर ठेवला तर पडद्याचा मध्य डोळ्यांच्या पातळीपासून सुमारे ३० सेंटिमीटर खाली राहतो. युरोपीय निर्देशानेही, एका जागी दीर्घकाळ वापरला न जाणारा सुवाह्य संगणक वगळला होता. तो दिवसभराचे साधन होईल हे तेव्हा गृहीत नव्हते. २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईची नोकरी घेऊन कऱ्हाड, वाई, तासगाव, इस्लामपूरला परतलेल्यांनी तो कॉटवर, दिवाणावर, जेवणाच्या टेबलावर महिनोन्‌महिने चालवला. उपाय जुनाच आहे: कळफलक आणि माउस सुटे घ्यायचे आणि लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर चढवायचा.

आडत दुकानांत आज निराळीच अडचण दिसते. दिवाणजींसमोर पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद, घ्यायला आलेला शेतकरी बसतो, गल्ला उजव्या हाताशी असतो, म्हणून मॉनिटर डाव्या कोपऱ्यात जातो आणि हळदीच्या हंगामात मान तासन्‌तास डावीकडे वळलेली राहते. पडदा समोर घेऊन शेतकऱ्याची खुर्ची बाजूला मांडली तरी व्यवहार अडत नाही. चाळिशी लागलेल्या दिवाणजींना दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर जवळचे पाहण्याचा भाग भिंगाच्या तळाशी येतो, आणि डोळ्यांच्या रेषेतला पडदा वाचण्यासाठी त्यांना हनुवटी वर करावी लागते. त्यांचा पडदा इतरांपेक्षा खाली आणि किंचित मागे कललेला ठेवावा, नाहीतर पडद्याच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्यावा.